तारण झालं, आता पुढे काय? पवित्रीकरणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारण म्हणजे ख्रिस्ताने पापातून केलेली सुटका. ती झाल्यावर घरगुती प्रार्थनासभेत, बायबल अभ्यासात आणि बऱ्याचदा सभा संपल्यावर दारात चपला घालता घालता विश्वासणारे जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिणारा प्रॉटेस्टंट मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेला आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा जिथे वेगळं सांगतात, तिथे तेही दिलं आहे. वचनांचे संदर्भ आहेतच. पवित्र शास्त्र उघडून स्वतः पडताळून घ्या.

पवित्रीकरण म्हणजे सोप्या भाषेत काय?

देव आपल्या लेकरांना प्रभू येशूसारखं घडवत जातो, त्या कामाला पवित्रीकरण म्हणतात. त्यात विचार येतात, जीभ येते, पैसा, शरीर, राग, नाती, सगळं येतं. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल सरळ लिहितो की तुमचं पवित्रीकरण व्हावं ही देवाची इच्छा आहे (१ थेस्सलनीकाकरांस ४:३). नोकरी कुठली धरू, स्थळ कुठलं बघू, यासाठी देवाची इच्छा कळावी म्हणून आपण आठवडेच्या आठवडे प्रार्थना करतो. करावीच. पण जी इच्छा आधीच कळवलेली आहे, तिच्याबद्दल फार कमी लोक विचारतात.

नवा करार याबद्दल दोन गोष्टी बोलतो. करिंथच्या मंडळीत तट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, प्रभुभोजनाच्या वेळी काहीजण पिऊन धुंद होत होते. तरी पौल पत्राच्या सुरुवातीलाच त्यांना ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले म्हणतो (१ करिंथकरांस १:२). म्हणजे ते देवाचे झाले, हे पक्कं. दुसरीकडे इब्री लोकांस पत्र सांगतं की पवित्रतेच्या मागे लागा, कारण तिच्यावाचून कोणी प्रभूला पाहणार नाही (१२:१४). आधी देवाचे झालात, आता देवाच्या माणसासारखं चालायला शिका, असा हा क्रम आहे. हा क्रम उलटा झाला की ख्रिस्ती जीवन ओझं होऊन बसतं.

नीतिमान ठरणं आणि पवित्र होणं यात फरक काय?

ख्रिस्ताच्या वधस्तंभामुळे देव आपल्याला नीतिमान ठरवतो, म्हणजे आपला खटला निकाली निघतो. हे एकदाच होतं आणि त्यात आपल्या कमाईचा रुपयाही नसतो. पवित्र होणं आयुष्यभर चालतं आणि त्यात आपले हातपाय, डोळे, जीभ सगळं कामाला लागतं. सोळाव्या शतकातला प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन म्हणत असे की ख्रिस्त मिळाला की या दोन्ही कृपा एकत्रच मिळतात. एक घ्यायची आणि दुसरी नाकारायची, अशी सोय नाही.

कॅथलिक मंडळी हा फरक अशा रीतीने करत नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये शिकवलं की नीतिमान ठरण्यात पापक्षमा आणि अंतर्यामीचं नूतनीकरण दोन्ही सामावलेलं आहे. या प्रश्नावरून चारशे वर्षं भांडण चाललं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लुथेरन मंडळ्यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या: तारण कृपेनेच, आणि जिथे कृपा येते तिथे जीवन बदलतं. २००६ मध्ये मेथोडिस्टही त्यात सामील झाले. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण ज्यांच्या घरात एक बाजू कॅथलिक आणि दुसरी प्रॉटेस्टंट आहे त्यांनी हे जरूर माहीत करून घ्यावं.

हे काम देव करतो की मी?

फिलिप्पैकरांस २:१२-१३ वाचा. पौल म्हणतो, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या. आणि लगेच त्याच दमात म्हणतो, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी देवच साधतो. देव काम करतो आहे म्हणूनच तुम्ही कामाला लागा.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलेजियस नावाच्या शिक्षकाने असा विचार मांडला की माणूस स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याने त्याला कडाडून विरोध केला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने ती शिकवण नाकारली. पण पेलेजियस आपल्यातून गेलेला नाही. "मी दर रविवारी येतो, दशांश देतो, दारूला शिवत नाही" असं आपण देवाला ऐकवतो तेव्हा तोच बोलत असतो. उलट टोकाचे लोकही आहेत: "प्रभूला वाटेल तेव्हा तो बदलेल" म्हणून वर्षानुवर्षं बायकोवर ओरडत राहणारे. दोघांनीही वरच्या दोन ओळींपैकी एकच वाचलेली असते.

बाप्तिस्मा होऊन वर्षं झाली. राग तोच, वासना तीच. माझं तारण झालंच नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा खाली गेलेला असतो.

रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय काढा. जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, जे नको वाटतं तेच करतो, असं तिथे लिहिलं आहे. हा "मी" कोण, ख्रिस्ताला भेटण्याआधीचा पौल की नंतरचा, यावर मंडळीत फार जुना वाद आहे. ऑगस्टिनने स्वतः आधी एक मत मांडलं आणि पुढे ते बदलून हा झगडा विश्वासणाऱ्याचाच आहे असं म्हटलं. माझाही कल तिकडेच आहे, कारण त्या अध्यायातला माणूस पापाचा तिरस्कार करतो आणि देवाच्या नियमशास्त्रात आनंद मानतो. मेलेल्याला जखम दुखत नाही. तुम्हाला तुमचा राग खुपतो आहे, तो लपवायचा सोडून तुम्ही विचारायला आला आहात, हेच आत्मा आत काम करतो आहे याचं लक्षण आहे.

पण सातव्यात मुक्काम करू नका. त्याच्या आधी सहावा आहे: तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेलात आणि उठलात, पाप आता तुमचं मालक नाही. त्याच्या पुढे आठवा आहे: जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, आणि आत्म्याच्या योगे देहाची कर्मं मारता येतात. सातवा अध्याय पाठ करून "आपण सगळे असेच" म्हणत तिथेच बसणारे पुष्कळ भेटतात. पौल तिथे थांबलेला नाही.

या जन्मात माणूस पूर्ण पवित्र होऊ शकतो का?

यावर परंपरा वेगवेगळं बोलतात.

प्रॉटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणारा लूथर म्हणत असे की विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. १५६३ च्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीत (प्रॉटेस्टंट शिकवणीच्या पुस्तकात) विचारलं आहे की पालट झालेला माणूस आज्ञा पूर्णपणे पाळू शकतो का, आणि उत्तर असं की नाही, अतिशय पवित्र माणसांपाशीही या आज्ञापालनाची लहानशी सुरुवातच असते. पण ते काही आज्ञांनुसारच नव्हे, सगळ्याच आज्ञांनुसार चालायला गंभीरपणे लागलेले असतात. मेथोडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली मात्र शिकवत असे की प्रीतीत परिपूर्ण होणं या जन्मातही शक्य आहे. त्याचा अर्थ चूक होणार नाही, अज्ञान उरणार नाही किंवा मोह येणार नाही असा नव्हता. हृदय देवाच्या आणि शेजाऱ्याच्या प्रीतीने इतकं भरावं की जाणूनबुजून पाप करायला जागाच उरू नये, असं त्याला म्हणायचं होतं. ऑर्थोडॉक्स परंपरा २ पेत्र १:४ धरून म्हणते की माणसाने देवाच्या स्वभावाचा भागीदार व्हावं यासाठीच तो निर्माण झाला.

मला स्वतःला हायडलबर्गचं उत्तर शास्त्राला धरून वाटतं. पण वेस्लीचं ऐकून घ्यायला हवं, कारण आमच्यासारख्यांना "इथे पूर्ण होणारच नाही" या वाक्याच्या आड आळसाने लपता येतं. आणि जो कोणी म्हणतो की माझ्यात पाप उरलेलंच नाही, त्याने १ योहान १:८ वाचावं.

पवित्रीकरणासाठी तारणानंतरचा एखादा दुसरा मोठा अनुभव लागतो का?

पंडिता रमाबाईंची साक्ष या प्रश्नाला फार उपयोगी पडते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या म्हणतात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. ती भेट सुमारे आठ वर्षांनी झाली. या मधल्या काळात त्या स्वस्थ बसलेल्या नव्हत्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं होतं, विधवा मुलींना आसरा दिला होता, सनातन्यांचा रोष अंगावर घेतला होता. एवढी सेवा करणारी बाई स्वतःबद्दल हे लिहिते. मंडळीच्या कमिटीवर वर्षानुवर्षं असणाऱ्यांनी ही साक्ष एकदा शांतपणे वाचावी.

मग जून १९०५ मध्ये त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन (आत्मिक जागृती) आलं. मुली रात्र रात्र रडून पापं कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, आणि टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला बाहेर पडल्या. अमेरिकेतलं अझुसा स्ट्रीटचं प्रसिद्ध संजीवन १९०६ चं, म्हणजे केडगाव त्याच्या आधीचं. पेंटेकोस्टल चळवळ, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणारी चळवळ, सगळीच परदेशातून आपल्याकडे आली असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता उत्तर. काहींना असा दुसरा अनुभव येतो आणि त्यांचं जीवन खरोखर उजळतं. काहींना कधीच येत नाही आणि तरी ते वर्षागणिक नम्र, उदार आणि सोशिक होत जातात. नवा करार प्रत्येकासाठी एकच साचा घालून देत नाही. पवित्र आत्म्याने भरत राहा ही आज्ञा (इफिसकरांस ५:१८) मात्र सगळ्यांना आहे, आणि ती एका रात्रीपुरती नाही.

मी अन्य भाषांत (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेत) बोलत नाही. मी मागे आहे का?

नाही. सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असं पौल १ करिंथकरांस १२:३० मध्ये विचारतो तेव्हा "नाही" हेच उत्तर त्याला अपेक्षित आहे. दान आणि फळ वेगळं. करिंथच्या मंडळीत दानांची रेलचेल होती आणि प्रीतीचा दुष्काळ.

दागिने, सिनेमा, प्रसाद, हळदीकुंकू: पवित्र राहायचं म्हणजे हे सगळं सोडायचं ना?

काही मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या दिवशी बाईच्या कानातलं काढायला लावतात. काढू देत, जर तिच्या मनाने घेतलं असेल. पण कान मोकळा झाला आणि जावेबद्दलचा आकस तसाच राहिला, तर त्या दिवशी काय घडलं? कलस्सैकरांस २:२०-२३ मध्ये पौल म्हणतो की हात लावू नको, चाखू नको, असले नियम शहाणपणाचे दिसतात, पण देहस्वभावाला आळा घालायला ते कामाचे नाहीत.

प्रसादाचा प्रश्न महाराष्ट्रात रोजचा आहे. शेजारी दारात वाटी घेऊन उभे असतात, मामाच्या घरी गणपती असतो, ऑफिसात सत्यनारायण असतो. १ करिंथकरांस ८ ते १० हे अध्याय याच विषयावर आहेत. मूर्ती काही नाही, हे पौल मान्य करतो. तरी मूर्तिपूजेत सहभागी होऊ नका म्हणतो. आणि कोणाच्या घरी जेवायला गेलात तर चौकशा न करता वाढलेलं खा, पण हे अर्पण केलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असंही म्हणतो (१०:२७-२८). नकार द्यायचाच असेल तर हात जोडून, शेजाऱ्याच्या प्रेमाचा मान ठेवून द्या. वाटी तोंडावर परत ढकलणं ही साक्ष होत नाही.

आमच्या मंडळीत अजून जात बघतात. हे पवित्रीकरणात येतं का?

येतं. आणि हे बाजूचं प्रकरण नाही, अगदी गाभ्यातलं आहे. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय पाहा.

अंत्युखियाच्या मंडळीत यहूदी आणि परजातीय (यहूदी नसलेले) एका पंगतीला बसत. पेत्रही बसत असे. हा तोच पेत्र, ज्याने पेंटेकॉस्टच्या दिवशी उभं राहून उपदेश केला आणि तीन हजार माणसं मंडळीत आली. याफोमध्ये माडीवर प्रार्थना करताना आकाशातून उतरणारी चादर त्याने पाहिली होती आणि परजातीय कर्नेल्याच्या घरात जाऊन म्हणाला होता की कोणत्याही माणसाला अपवित्र म्हणू नये हे देवाने मला दाखवलं. एवढं सगळं झाल्यावर यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठला. वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी उठले, बर्णबासुद्धा उठला. पौलाने सगळ्यांसमोर त्याला तोंडावर सुनावलं, आणि हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही असं म्हटलं.

पेत्राने दारू प्यायली नव्हती, व्यभिचार केला नव्हता, खोटी शिकवण दिली नव्हती. तो फक्त ताट उचलून दुसरीकडे बसला होता. पौलाच्या लेखी तेवढ्याने सुवार्ता मोडत होती.

आता आपल्याकडे या. वेदीपाशी एकाच प्याल्यातून घेणारी माणसं मुलाच्या लग्नाची वेळ आली की "आपल्यातली आहे का?" विचारतात. गोव्याच्या कॅथलिकांत बामण, चारडो, सूदिर हे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्यात चार-पाचशे वर्षांत विरघळले नाहीत. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही पूर्वाश्रमीच्या जातींवरून गट पडतात, आणि मंडळीच्या निवडणुकीच्या वेळी ते उघड दिसतात.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळंओवळं, वेगळं पाणी, वेगळी चूल चालू होती. मग जातिभेद माणसानेच केलेला आहे हे त्यांना पटलं, पाण्याचा आणि अन्नाचा विटाळ त्यांनी सोडला, आणि त्यानंतर बाप्तिस्मा घेतला. पुष्कळांचा पंगतीतला बदल बाप्तिस्म्यानंतर पन्नास वर्षांनीही येत नाही. त्यांचा आधी आला.

तुमच्या मंडळीत याविषयी उपदेश होत नसेल तर पाळकसाहेबांना गलती २ वर बोलायची विनंती करा.

आत्म्याचं फळ माझ्यात आहे की नाही हे कसं ओळखायचं?

स्वतःला विचारू नका, घरच्यांना विचारा. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन (गलतीकरांस ५:२२-२३): यातली बहुतेक फळं एकट्याने खोलीत बसून दिसतच नाहीत. सौम्यता दिसायला समोर चिडवणारं कोणीतरी लागतं.

त्याच्या आधीची देहाच्या कर्मांची यादीही नीट वाचा. जारकर्म आणि दारूबाजी तिथे आहेच. पण यादीतली जवळपास निम्मी पापं वैर, कलह, मत्सर, संताप, तट, फुटी, हेवा या जातीची आहेत. आपले उपदेश पहिल्या गटावर गर्जतात आणि दुसऱ्या गटाशी येऊन आवाज मऊ करतात. भावाशी बांधावरून बारा वर्षं बोलत नसलेला माणूस आपल्याकडे प्रार्थना चालवू शकतो. सिगारेट ओढताना दिसलेला चालवू शकत नाही. पौलाची यादी असा भेद करत नाही.

मी बदललो, पण घरचे मानायलाच तयार नाहीत.

त्यांना वेळ द्या. त्यांनी तुमचं आधीचं बोलणं वर्षानुवर्षं सोसलं आहे. लोकांना लुबाडणाऱ्या जख्खय नावाच्या जकातदाराने साक्ष देत बसण्याऐवजी अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करण्याचं कबूल केलं (लूक १९:८). ज्याचं काही घेतलं आहे ते परत करा, ज्याची माफी मागायची आहे त्याच्या घरी जाऊन मागा. पौल आणि बर्णबाचा सहकारी योहान मार्क सुवार्तेच्या पहिल्या फेरीत अर्ध्यावर सोडून गेला, त्याच्यावरून पौल आणि बर्णबा एवढे भांडले की वेगळे झाले. शेवटच्या पत्रात तोच पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधे बरीच वर्षं गेली होती.

नवरा मारतो. मंडळीत सांगतात, सहन कर, क्षमा कर, देव तुला यातून पवित्र करतो आहे.

हा सल्ला चुकीचा आहे आणि तो देणाऱ्याने देवाचं नाव त्यात ओढू नये. क्षमा म्हणजे सूड देवाच्या हाती सोपवणं. मार खाण्यासाठी परत जाणं नव्हे. पौलाने स्वतः फटके बसण्याआधी रोमी नागरिक असल्याचा हक्क सांगितला (प्रेषितांची कृत्ये २२:२५). तुमच्याकडेही २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. तातडीला ११२, महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. आधी सुरक्षित जागी जा, मुलांना बरोबर घ्या. पवित्रीकरणाची गरज इथे मारणाऱ्याला आहे, आणि त्याला हे तोंडावर सांगणं हे पाळकांचं आणि वडीलजनांचं काम आहे.

दारू सुटत नाही. विश्वास कमी पडतो का?

देव काहींना एका रात्रीत सोडवतो. अशा साक्षी खऱ्या असतात आणि त्याबद्दल देवाचं गौरव करावं. पण बहुतेकांना लांबचा रस्ता चालावा लागतो, आणि तो चालवणाराही देवच असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने उपास-प्रार्थनेच्या भरात एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनेक शहरांत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा भरतात. तिथे जाण्याने प्रभूचा अपमान होत नाही. पुन्हा घसरलात तर लपवू नका, त्याच दिवशी एखाद्या भरवशाच्या भावाला फोन करा.

मन सतत उदास असतं. हे पापाचं लक्षण आहे का?

एलीया कर्मेल डोंगरावर विजय मिळवून आला आणि दुसऱ्याच प्रसंगात झुडपाखाली पडून मरण मागू लागला (१ राजे १९). देवाने त्याला दटावलं नाही. झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर. नैराश्य हा आजार असू शकतो आणि त्याला औषध असतं. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं.

देव दुःखातून पवित्र करतो म्हणतात. मग दुःख चांगलं का?

दुःख चांगलं नसतं. येशू लाजराच्या कबरेपाशी रडला. पण देव दुःख वाया जाऊ देत नाही.

योहान १५:२ मध्ये येशू म्हणतो की फळ देणाऱ्या फांदीला अधिक फळ यावं म्हणून पिता छाटतो. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा हिरवं सगळं उतरतं, तारेवर नुसते ओलांडे उरतात. बाहेरच्या माणसाला बाग मेली असं वाटावं. त्यानंतर फुटणाऱ्या काड्यांत घडाची तयारी आतल्या आत होते, आणि फळ छाटणी ऑक्टोबरमध्ये. एप्रिलमध्ये उभं राहून घड मागता येत नाही. म्हणून ज्याच्या घरात नुकतंच मरण झालं आहे, त्याला "देव तुला शिकवतो आहे" असं सांगू नका. त्याच्याजवळ बसा, डबा घेऊन जा. अर्थ काय तो त्याला पुढे देव सांगेल.

रोज नेमकं काय करावं?

नवीन काहीच नाही. पवित्र शास्त्र वाचा. थोडं, पण क्रमाने. प्रार्थना करा, आणि त्यात ज्याचा राग येतो त्याचं नाव घ्या. रविवार चुकवू नका. प्रभुभोजनाला येण्याआधी ज्याच्याशी बिनसलं आहे त्याच्याकडे जाऊन या (मत्तय ५:२३-२४). उपास करत असाल तर वाचलेले पैसे कोणाला तरी द्या. यशया ५८ मध्ये देवाने असाच उपास मागितला आहे. कॅथलिक बंधुभगिनींसाठी धर्मगुरूंपुढचं पापनिवेदन आहे. आम्हा प्रॉटेस्टंटांनी ते सोडलं आणि त्याच्या जागी काहीच आणलं नाही, हे आमचं नुकसान आहे. एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा ही याकोब ५:१६ ची आज्ञा आम्हालाही लागू आहे. एक माणूस असा असू द्या ज्याला तुमचं सगळं माहीत आहे.

मोठं पाप करून बसलो. आता परत कसा येऊ?

दावीद आला, स्तोत्र ५१ वाचा. पेत्र आला, योहान २१ वाचा. १ योहान १:९ चं वचन विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेलं आहे. कोणाचं नुकसान केलं असेल तर देवापुढच्या कबुलीबरोबर त्याची भरपाईही करा. आणि गुन्हा घडला असेल तर कायद्याला सामोरे जा.

हे कधी पूर्ण होणार?

प्रभू प्रगट होईल तेव्हा आपण त्याच्यासारखे होऊ, कारण तो जसा आहे तसा आपण त्याला पाहू (१ योहान ३:२). कॅथलिक शिकवण मरणानंतरच्या शुद्धिस्थानाबद्दल बोलते, प्रॉटेस्टंट ती मानत नाहीत; पण शेवटी विश्वासणारा ख्रिस्तासारखा पूर्ण पवित्र होणार, यावर दोघांचं एकमत आहे. फिलिप्पैकरांस १:६ प्रमाणे ज्याने काम सुरू केलं तोच ते सिद्धीस नेईल.

या विषयावर वाचायला कुठून सुरुवात करू?

रोमकरांस ६, ७ आणि ८ एका बैठकीत वाचा, मधे थांबू नका. मग इफिसकरांस ४ आणि ५. मग फिलेमोनाला लिहिलेलं पत्र: एकच अध्याय, २५ वचनं. पळून गेलेल्या दासाला आता दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे, असं पौल त्याच्या धन्याला लिहितो. घरात मोठ्याने वाचलं तर दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि घरात कामाला येणाऱ्या मावशींशी आपण कसं बोलतो, त्यांचा कप वेगळा का ठेवतो, हा विषय आपोआप निघतो. तो टाळू नका.